बंदर न लागणारी नाव

फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला यायचं, हा खेळ १९५४ साली कॅलिफोर्नियातही मोजक्याच लोकांना येत होता. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, डेना पॉइंट या लहानशा गावी, पॅसिफिक कोस्ट हायवेच्या कडेला एका विशीतल्या तरुणाने फक्त या फळ्यांचं दुकान थाटलं. ओळखीपाळखीच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं. या किनाऱ्यावर सर्फिंग करणारे सगळे मिळून २५० जण. प्रत्येकाला एकेक फळी विकून झाली की पुढे काय करणार, असा त्यांचा रोकडा सवाल होता. हिशेबात चूक काढायला जागा नव्हती. पण फळी हलकी झाली, बेताच्या किमतीत आणि मागाल तेव्हा मिळू लागली, तर लाटांकडे वळणाऱ्यांची संख्याच वाढेल, ही शक्यता त्या हिशेबात कुणी धरली नव्हती.

हा तरुण म्हणजे हॉबार्ट ऑल्टर. सगळे त्याला हॉबी म्हणत आणि पुढे जगभर हेच नाव शिडांवर झळकलं. जन्म ३१ ऑक्टोबर १९३३ चा, कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओ गावचा. वडिलांच्या संत्र्यांच्या बागा होत्या आणि उन्हाळ्यात राहायला लगूना बीचला समुद्राजवळ एक घर होतं. त्या घराच्या गॅरेजमध्ये १९५० च्या सुमारास हॉबीने मित्रांसाठी सर्फबोर्ड बनवायला सुरुवात केली. पुढे लाकडाचा भुसा आणि रेझिनचे डाग घरभर होऊ लागले, तेव्हा हे कारखानदारीचं प्रकरण आता बाहेर हलव, असं वडिलांनी त्याला सुचवलं. डेना पॉइंटचं दुकान त्यातून उभं राहिलं. कडक तळव्याचे बूट घालावे लागणार नाहीत आणि समुद्रकाठच्या हमरस्त्याच्या पलीकडे जावं लागणार नाही, अशा धंद्यावर पोट भरायचं, हा त्याचा निश्चय होता. तो त्याने आयुष्यभर बहुतांशी पाळला.

या सुरुवातीच्या फळ्या बाल्सा लाकडाच्या असत. बाल्सा हे विलक्षण हलकं लाकूड मुख्यतः इक्वाडोरमधून येतं. त्याच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या, रंध्याने तासून आकार द्यायचा, मग काचतंतूंचं कापड अंथरून त्यावर रेझिन ओतायचं आणि पुन्हा घासायचं. हातात कसब असलेल्या माणसाला हे जमे. पण लाकडाचा दर्जा दर खेपेला वेगळा. एक पट्टी जड, दुसरी हलकी. काचेच्या थराला तडा गेला की पाणी आत शिरून बाल्सा ते पिऊन टाकी. मागणी वाढली तशी लाकडाची चणचण भासू लागली. पॉलियुरेथेन फोमचा नमुना हॉबीच्या हाती पडला तो याच सुमारास.

हॉबीकडे गॉर्डन क्लार्क नावाचा एक तरुण काचकापड चढवायचं काम करत होता. त्याचं शिक्षण शास्त्रशाखेचं. १९५८ मध्ये या दोघांनी लगूना कॅन्यनमधल्या एका जागेत, बाहेर कुणाला पत्ता लागू न देता, फोमशी झटापट सुरू केली. दोन द्रव मिसळून साच्यात ओतले की मिश्रण पाहता पाहता फुगतं, आणि फुगताना साच्याच्या भिंतींवर एवढा दाब आणतं की साधा साचा उकलतो. कुठे मोठाले बुडबुडे राहतात, कुठे कठीण गाठी होतात. फोमची फळी बनवणारे हे पहिलेच नव्हेत; डेव्ह स्वीट नावाच्या कारागिराने त्यांच्या आधी तशी फळी बाजारात आणली होती. पण एकसारखा माल दिवसामागून दिवस, हवा तितका काढणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती हॉबी-क्लार्क जोडीने मिळवली. लगेच पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, ‘गिजेट’ हा चित्रपट आला. किनाऱ्यावरच्या पोरांचं ते जग पाहून सगळ्या अमेरिकेतल्या तरुणांना सर्फिंगचं वेड लागलं. बाल्साची वाट पाहत बसलेल्या कारागिरांच्या हातून ही संधी निसटली. हॉबीचा माल तयार होता.

दोनेक वर्षांत क्लार्कने फोमचा धंदा स्वतंत्रपणे अंगावर घेतला. हॉबीने तो सोडून दिला, आणि इतर सर्फबोर्डवालेही क्लार्ककडूनच फोम घेऊ लागले. पुढची चार दशकं अमेरिकेतल्या बहुतेक सर्फबोर्डांचा गाभा क्लार्कच्या कारखान्यातून येत राहिला. ५ डिसेंबर २००५ रोजी क्लार्कने अचानक कारखाना बंद केला, तेव्हा सगळा व्यवसाय काही महिने हवालदिल झाला होता. कच्च्या मालावर हॉबीला स्वतःची पकड ठेवता आली असती. त्याचा जीव त्यात नव्हता. एक वस्तू नीट बनू लागली की तिची घडी बसवायची आणि पुढच्या वस्तूकडे वळायचं, हा त्याचा स्वभाव होता. १९६४ साली मोटरबोटीमागे उठणाऱ्या लाटेवर उभा राहून त्याने लॉंग बीचपासून कॅटालिना बेटापर्यंतचं सुमारे २६ मैलांचं अंतर कापलं. त्याच काळात त्याच्या नावाचे स्केटबोर्डही बाजारात आले.

याच वर्षांत डेना पॉइंटचं रूप पालटत होतं. १९६६ मध्ये तिथे नौकांसाठी मोठ्या बंदराचं काम सुरू झालं. दगडांचा बांध समुद्रात उभा राहिला आणि ‘किलर डेना’ म्हणून गाजलेली लाट कायमची गेली. हॉबीचं दुकान ज्या गावात होतं, तिथली लाटच बुजली. बंदर बांधलं जात होतं ते कणा असलेल्या जड शिडाच्या होड्या आणि मोटरबोटी यांच्यासाठी. अशी होडी ठेवायची तर धक्क्यावर जागा भाड्याने घ्यावी लागते, तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात ते दरसाल खरवडावे लागतात, आणि होडी घेण्यापेक्षा ती बाळगण्यातच माणूस खर्चाने वाकतो. शिडाची नाव म्हणजे पैसेवाल्यांच्या क्लबची वस्तू, हे समीकरण यातूनच पक्कं झालं होतं.

हॉबीने उलट्या बाजूने विचार केला. सर्फर आपली फळी मोटारीच्या टपावर टाकतो, हव्या त्या किनाऱ्यावर उतरतो आणि थेट लाटांत शिरतो. शिडाची होडी असं का करू शकत नाही? माझ्या मते त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हा प्रश्नच सर्वांत मोलाचा. होडीचा वेग, तिची ऐट, शर्यतीतलं तिचं स्थान यांपैकी कशाचाच विचार त्याने आधी केला नाही. वाळूवरून पाण्यात आणि पाण्यातून वाळूवर येणं, म्हणजे इतर आरेखक ज्याचा विचारच करत नसत ती घटका, ही त्याची पहिली अट होती.

दोन अंगांची नाव, म्हणजे कॅटमरान, त्याने शोधली नाही. आपल्या कोकणातल्या होडीला तोल राखण्यासाठी उलांडी असते. पॅसिफिकच्या बेटांवरच्या दर्यावर्दींनी उलांडीच्या आणि जोडनावांच्या भरवशावर हजारो मैलांचे प्रवास केले. अमेरिकेत नॅथनेल हेरेशॉफ या असामान्य आरेखकाने १८७६ मध्ये ‘अमॅरिलिस’ ही दोन अंगांची होडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिने बाकीच्यांना मागे टाकलं, तेव्हा तक्रारी झाल्या आणि तिला शर्यतीतून बाद करण्यात आलं. त्यानंतर कितीतरी दशकं प्रतिष्ठित नौकाविश्वाने या प्रकाराकडे पाठ फिरवली. हवाईत वुडी ब्राउनने १९४७ मध्ये ‘मनु काई’ ही आधुनिक कॅटमरान बांधली. महायुद्धाच्या काळात ख्रिसमस बेटावर त्याने तिथल्या लोकांच्या वेगवान नावा पाहिल्या होत्या. वाळूवर चढवता येणाऱ्या या हवाई नावांची कल्पना सर्फरांच्या गोतावळ्यातून कॅलिफोर्नियाला पोहोचली. हॉबीला ती ठाऊक होती आणि त्याचा सहकारी फिल एडवर्ड्स यालाही. एडवर्ड्स त्या काळचा नावाजलेला सर्फर आणि तितकाच कसबी कारागीर होता.

आता अडचण होती ती बाजूला सरकण्याची. वारा शिडाला पुढे ओढतो तसा बाजूलाही ढकलतो. होडी आडवी वाहून जाऊ नये म्हणून तिला पाण्याखाली काहीतरी धरायला लागतं. मोठ्या होडीला जड कणा असतो, लहानीला खाली सोडायची पातळ फळी. पण लाटा फुटतात त्या उथळ पाण्यात ही फळी वाळूत रुतते, मोडते, नाहीतर होडी उलटवते. हॉबीने ती फळीच काढून टाकली आणि तिचं काम दोन्ही अंगांच्या आकाराकडे सोपवलं. प्रत्येक अंगाची बाहेरची बाजू जवळपास सपाट, आतली फुगीर. विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असते म्हणून पंखाला वर उचलणारा जोर मिळतो. इथे तोच पंख पाण्यात उभा केला आहे. वाऱ्यापलीकडचं अंग पाण्यात दाबलं जातं, त्याच्या फुगीर बाजूकडे, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने, ओढ निर्माण होते आणि होडीची आडवी सरक बरीचशी रोखली जाते. बाजूने पाहिलं तर तळाची रेषा केळ्यासारखी वाकलेली दिसते. त्यामुळे टोकं पाण्याबाहेर राहून होडी वळायला सोपी जाते.

बाकीची रचनाही याच अटीतून निघाली. सुकाणूची पाती वाळूला लागताच कडी सुटून आपोआप वर उचलली जातात. दोन्ही अंगांवर चार खुंट, त्यांवर ॲल्युमिनियमची चौकट आणि चौकटीत ताणून बसवलेलं जाड कापड, म्हणजे ट्रॅम्पोलिन. बसायची जागा अशी उंच उचलल्यामुळे फुटणारी लाट खालून निघून जाते. पाणी साचायला होडीला उघडं पोटच नाही, त्यामुळे उपसायचा प्रश्न मिटला. उलटली तर बुडत नाही. एका अंगावर उभं राहून दोरीला लटकायचं, शरीराचा भार मागे टाकायचा, की शीड पाण्यातून वर येऊ लागतं.

या साऱ्या आकारांपर्यंत हॉबी पोहोचला तो सर्फबोर्डवाल्याच्या पद्धतीने. फोमचा ठोकळा तासायचा, त्यावर काचकापड चढवायचं, दुपारी होडी समुद्रात नेऊन ताणून पाहायची आणि खटकलेला भाग पुन्हा तासायचा. नौकाशास्त्राची पदवी त्याच्याकडे नव्हती. हाताला आणि पायाला जाणवणारा पाण्याचा दाब मात्र त्याला पुरता ओळखीचा होता, आणि दहा-पंधरा वर्षं फळ्या घडवताना आकारात सुतभर फरक केला तर काय होतं, हे त्याने पाहिलेलं होतं. कागदावर महिनोन्महिने काम करणाऱ्या आरेखकाला एक नमुना पाण्यात उतरवायला जो वेळ लागे, तेवढ्यात हॉबीचे कितीतरी नमुने होऊन जात.

१९६८ मध्ये ‘हॉबी १४’ विक्रीला आली. १४ फुटांची, एकाच शिडाची, एकट्याने चालवायची, वजनाने शंभर किलोंच्या थोडी वर, आणि किंमत हजार डॉलरच्या आसपास. पाठोपाठ फिल एडवर्ड्सबरोबर आखलेली ‘हॉबी १६’ आली: लांबी १६ फूट ७ इंच, रुंदी जवळजवळ ८ फूट, वजन सुमारे १४५ किलो, दोन शिडं, दोन माणसं. जोराच्या वाऱ्यात ती एका अंगावर उठते. चालवणारे दोघं कंबरेला पट्टा अडकवून, पाय होडीच्या कडेला रोवून, पाण्यावर आडवे लटकतात. पांढऱ्या शिडांच्या जगात हॉबीच्या होड्यांना लाल, केशरी, पिवळ्या पट्ट्यांची शिडं होती. दूर क्षितिजावरसुद्धा ती ओळखू येत. आणि किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला ती दिसणं, हीच त्यांची जाहिरात झाली.

तिच्यात दोष नाहीत असं मात्र नाही. पुढची टोकं बारीक असल्यामुळे वेगात असताना वाऱ्यापलीकडच्या अंगाची नाळ पाण्यात घुसते, होडी जागीच थबकते आणि मागची बाजू उचलली जाऊन ती पुढे कोलांटी खाते. हॉबी चालवणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव घेतलेला असतो. वाऱ्याच्या तोंडातून वळतानाही ती कुथते. पुढचं शीड क्षणभर उलटं धरून नाळ पलीकडे ढकलावी लागते. धांदल केली तर होडी मागे मागे वाहू लागते. खाली सोडायची फळी असलेल्या होडीइतकी ती वाऱ्याच्या जवळून जात नाही, हेही खरं. हॉबीने जो सौदा केला तो असा उघड होता. वाळूवर चढण्याची सोय मिळवली आणि वाऱ्यावर चढण्याची थोडी ताकद गमावली. ज्यांच्यासाठी ती बनवली त्यांनी हा सौदा बेधडक स्वीकारला.

कारखान्यातली शिस्त यात फार मोलाची होती. साचा मेण लावून लखलखीत घासायचा, त्यात आधी रंगाचा थर द्यायचा, मग काचकापड आणि रेझिन, मध्ये फोमचा थर, पुन्हा काचकापड. खालचा आणि वरचा भाग असे वेगवेगळे काढून सांधायचे. एका साच्यातून निघालेली दहावी आणि हजारावी होडी सारखीच असली पाहिजे, कारण शर्यती त्यावरच ठरल्या होत्या. हॉबीच्या शर्यतीत सगळ्यांची होडी एकच, शीड एकच. मोजलं जातं ते माणसाचं कसब. श्रीमंताला महागडं शीड लावून पुढे जाता येत नाही. नवख्यांचा गट निराळा, मुरलेल्यांचा निराळा. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर तंबू पडत, घरची मंडळी येत, दिवसा शर्यत आणि रात्री शेकोटी. कोस्ट कॅटमरान या त्याच्या कंपनीने ठिकठिकाणी असे गट उभारले आणि त्यांच्या बातम्या देणारं मासिकही चालवलं. होडी विकल्यावर ग्राहकाशी नातं तुटू द्यायचं नाही, हे इथे नुसतं बोललं गेलं नाही, त्याची व्यवस्था केली गेली. हा धंदा फोफावण्यात आकाराइतकाच वाटा या व्यवस्थेचा आहे, असं मला वाटतं. अनेक चांगल्या होड्या केवळ बरोबर धावायला दुसरी तशीच होडी नसल्यामुळे शेडमध्ये पडून राहिल्या आहेत.

१९७६ मध्ये हॉबीने कंपनी कोलमनला विकली. कॅन्सस राज्यातली ही कंपनी रानावनात राहायला जाणाऱ्यांसाठी कंदील आणि स्टोव्ह बनवत असे, त्यामुळे गिऱ्हाईक एकाच जातीचं होतं. त्याच सुमारास फिल एडवर्ड्सने आखलेली ‘हॉबी १८’ आली. तिची अंगं दोन्ही बाजूंनी सारखी होती आणि खाली सोडायच्या फळ्याही होत्या. वाऱ्यावर चढायची कमतरता तिने भरून काढली. विक्रीत मात्र ‘१६’ ला ती गाठू शकली नाही. पुढच्या काळात एक गंभीर धोकाही समोर आला. उभी डोलकाठी तशीच ठेवून होडी वाळूवरून किंवा रस्त्यावरून ओढत नेताना ॲल्युमिनियमची काठी विजेच्या तारेला लागायची आणि माणसं दगावायची. कंपनीने १९८० च्या दशकात डोलकाठीचा वरचा भाग वीज न वाहणाऱ्या काचतंतूंचा केला.

हॉबी स्वतः मात्र यंत्रापासून आणि तासणीपासून दूर गेला नाही. कंपनीच्या विक्रीच्या आगेमागे त्याने दूरनियंत्रणावर उडणारं ‘हॉबी हॉक’ हे विनाइंजिनाचं विमान बनवलं. त्याच्या पंखांचा वक्र अजूनही या छंदातली माणसं वाखाणतात. १९८२ मध्ये ‘हॉबी ३३’ आली. ही एकाच अंगाची, ३३ फुटांची, पण फक्त ८ फूट रुंद आणि लांबीच्या मानाने अतिशय हलकी होडी. तिचा कणा वर ओढून घेता येतो, म्हणून मोटारीमागच्या गाडीवर चढवून ती हमरस्त्याने नेता येते. जुनाच प्रश्न त्याने दुप्पट लांबीच्या होडीला लागू केला होता, तोही कणा असलेल्या प्रकारात, जिथे तो लागू करणं सर्वांत अवघड. उतारवयात त्याने स्वतःसाठी ६० फुटांची इंजिनावर चालणारी कॅटमरान बांधून घेतली.

त्याच्या नावाची कंपनी त्याच्याशिवायही चालत राहिली. १९९७ मध्ये तिने पायाने मारायच्या पेडलचा कायाक आणला, आणि मासेमारीच्या छंदिष्टांत हॉबी हे नाव नव्याने रुजलं. आज अनेकांना ते कायाकमुळेच माहीत असतं. ‘हॉबी १६’ च्या लाखाहून अधिक होड्या तयार झाल्या. दोन अंगांच्या नावांमध्ये इतकी खपलेली दुसरी क्वचितच दाखवता येईल. तिच्या जागतिक स्पर्धा अजून भरतात आणि आखणी पन्नास वर्षांपूर्वीचीच आहे.

अमेरिकेच्या नॅशनल सेलिंग हॉल ऑफ फेमने २०११ मध्ये पहिली मानकऱ्यांची यादी जाहीर केली. ‘अमॅरिलिस’ बांधणाऱ्या हेरेशॉफचं नाव त्यात होतं, आणि हॉबी ऑल्टरचंही. २९ मार्च २०१४ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्ट इथे त्याचं निधन झालं. हेरेशॉफने आपल्या काळातल्या सर्वांत वेगवान नौका घडवल्या. हॉबीच्या होड्या तितक्या देखण्याही नव्हत्या आणि तितक्या सफाईदारही नव्हत्या. पण आधी कधीच शिडाची दोरी हातात धरली नसती अशी माणसं त्याने जितकी समुद्रावर आणली, तितकी विसाव्या शतकातल्या फार थोड्या आरेखकांना आणता आली.